कोकणात कॅमेलिऑनचा पिंजरा लावताना: जाळी, फांद्या, झाडं आणि आपली खारी हवा

आमच्या आबाचा पहिला पिंजरा मी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी जाळीचा केला होता आणि तो गणपतीपर्यंतसुद्धा टिकला नाही. आबा म्हणजे कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा, व्हेल्ड जातीचा नर, प्रत्येक पावलाला थांबून, पुढे-मागे डुलून, फांदी खरंच आहे ना याची खात्री करून मगच पाय टाकतो, ते बघून आईनेच नाव ठेवलं. तर जूनमध्ये जाळीवर पांढरी पूड दिसायला लागली, जुलैत तांबूस डाग, ऑगस्टमध्ये कोपऱ्यातली तार नुसत्या बोटाने तुटली. आत ठेवलेल्या काथ्याच्या दोरीवर बुरशी, कुंडीत चिखल, आणि आबा एका कोपऱ्यात काळपट पडून बसलेला.

मग डोक्यात प्रकाश पडला की मी जे व्हिडिओ बघून पिंजरा केला ते थंड देशातल्या लोकांचे, त्यांच्या घरात हीटर लावून हवा कोरडी पडलेली असते म्हणून त्यांची सगळी धडपड दमटपणा टिकवायची. आपल्याकडे दापोलीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात टॉवेल दोन दिवस वाळत नाही. व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदीच्या नैऋत्य भागातल्या डोंगरांचा, त्याला दिवसा साधारण ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरते, रात्री जास्त चालते. आपल्या हवेला ५० टक्के म्हणजे काय ते हिवाळ्यातली दुपार सोडली तर माहीतच नाही. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात एकच रडगाणं परत परत येईल, की पाणी द्या पण ते वाळू द्या. ओलं आणि कोंदट एकत्र आलं की याला छातीचा संसर्ग होतो, नाका-तोंडाशी बुडबुडे येतात, तोंड वर करून श्वास घेतो, आणि त्यावर औषध देणारा डॉक्टर आपल्या तालुक्यात मिळणं कठीण.

आधी कायद्याचं, कारण हे कोणी सांगत नाही. बागेत किंवा रस्त्याकडेच्या झुडपात जो आपला देशी कॅमेलिऑन दिसतो तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. तो घरी आणायचा नाही, दोन दिवसांसाठीपण नाही, पोराला दाखवायला म्हणून पण नाही. दिसला तर बघा, फोटो काढा, सोडून द्या. पाळायचा तो बाहेरच्या देशातला, व्हेल्ड किंवा पँथर जातीचा कॅमेलिऑन, आणि हे दोघेही साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. विकणारा कागद देत नसेल, "पुढच्या वेळी देतो" म्हणत असेल तर तिथून उठून या.

जागा

पिंजरा लावायच्या आधी आठवडाभर घरात नुसतं बघत फिरा. ऊन कुठून येतं, पावसाची झड कुठवर आत येते, रात्री पंखा कुणावर असतो. कौलारू चिरेबंदी घर असेल तर पडवी एक नंबर, उजेड आहे, वारा आहे, उन्हाळ्यात थंड आहे. फक्त झडीपासून दोन-तीन हात आत घ्या. स्लॅबचं घर असेल तर वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली टाळाच, मे महिन्यात दुपारी तिथे आपणच बसत नाही.

उंचीचं महत्त्व मला उशिरा कळलं. हा झाडावरचा प्राणी, वरून कोणी आलं की त्याला घार वाटते. पिंजरा जमिनीवर ठेवला तर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यासाठी घार. म्हणून दीड-दोन फुटी स्टँडवर ठेवा, म्हणजे तो वरच्या फांदीवर बसला की आपल्या डोळ्यांच्या वर राहील. आरसा समोर नको, दुसरा कॅमेलिऑन समोर नको, मांजर समोर नको. एका पिंजऱ्यात एकच, जोडी वगैरे ठेवायची नाही, ते पोपट नाहीत.

सांगाडा आणि जाळी

मोठ्या नराला २ फूट रुंद, २ फूट खोल, ४ फूट उंच एवढं पाहिजेच. मादीला दीड बाय दीड बाय तीनमध्ये भागतं, मोठं असेल तर उत्तमच. काचेची पेटी आपल्या हवेत नको. चारही बाजूंनी जाळी असा पिंजरा थंड प्रदेशातले लोक बघून नाक मुरडतात, आपल्याला तोच योग्य, फार तर मागची एक बाजू पीव्हीसी शीटने बंद करा, म्हणजे त्याला पाठ सुरक्षित वाटते आणि भिंतीवर पाणी उडत नाही.

स्लायडिंग खिडक्या करणारा जो असतो ना, त्याच्याकडे जा. त्याच्याकडे ॲल्युमिनियमचे सेक्शन, कोपरे, रबर सगळं असतं, त्याला सांगायचं की खिडकीच्या चार फ्रेम करून एकमेकांना जोडायच्या, वर एक फ्रेम, समोर पूर्ण उंचीचा दरवाजा. माझ्या माणसाने आधी विचारलं कोंबड्या ठेवणार का, मग सरडा म्हटल्यावर बराच वेळ काहीच बोलला नाही. पावडर कोटिंग करून घ्या, जाळी ॲल्युमिनियमची किंवा एसएस ३०४ ची, म्हणजे न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलची, स्क्रू सगळे एसएसचे. साधे स्क्रू वापरले तर सगळं चांगलं राहील आणि नेमका दरवाजाच खाली येईल. मच्छरदाणीची फायबरची जाळी स्वस्त पडते पण त्याला खायला सोडलेले रातकिडे ती कुरतडतात आणि वर बल्ब ठेवला की वितळते. लाकडी फ्रेम करायचा मोह होतो, सुतार ओळखीचा असतो, पण पावसात लाकूड फुगून दरवाजा अडकतो आणि दर वेळी ओढताना आतला जीव दचकतो.

फ्रेमच्या आतल्या बाजूला, वरपासून साधारण एक फूट आणि अडीच फूट अंतरावर, ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या मारून घ्या आणि त्यांना भोकं पाडून घ्या. फांद्यांचं वजन जाळी पेलत नाही, हे ध्यानात ठेवा.

तळाला पीव्हीसी शीट, एका कोपऱ्याकडे किंचित उतार, तिथे भोक, त्याला बेसिनचा जुना पाईप आणि खाली बादली. कडा सिलिकॉनने बंद. तळावर माती, भुसा, काही घालायचं नाही, नुसता ठेवायचा, रोज पुसता येतो. बादली रोज ओतायची, नाहीतर कॅमेलिऑनसोबत डेंग्यूचे डासही पाळाल.

फांद्या: इथे घाई करू नका

खरं सांगायचं तर पिंजरा हा नुसता डबा, घर होतं ते फांद्यांनी. त्याचा पंजा चिमट्यासारखा असतो, एका बाजूला दोन बोटं, दुसऱ्या बाजूला तीन, फांदी त्या चिमट्यात नीट बसली पाहिजे. सगळ्या एकाच जाडीच्या फांद्या लावल्या की पायाला एकाच जागी ताण येतो. तेव्हा पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या, केरसुणीच्या मुठीएवढ्या अशा मिसळून घ्या.

लाकूड म्हणाल तर माझ्या मते पेरूसारखं काही नाही. कडक, लवकर कुजत नाही, साल गुळगुळीत असली तरी पकड मिळते, आणि मुख्य म्हणजे वाकडीतिकडी असते, प्रत्येक हातभर अंतरावर बेचकं. जास्वंदीच्या जुन्या जाड फांद्या चालतात. चिकूची चालते पण तोडल्यावर चीक येतो, तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा. आंब्याचंही तेच, डीक वाळल्याशिवाय आत नको. बांबू दिसायला छान, दिसायलाच. त्यावर पाय घसरतात आणि पेरातून पाणी साचतं.

न घ्यायची लाकडं आपल्याकडे भरपूर आहेत. काजू नको, त्याचा चीक आपल्याच हाताला भाजतो. बिबा नको, कण्हेर नको, शेर नको, रुई नको. काजऱ्याचं झाड ओळखता येत नसेल तर गावातल्या जुन्या माणसाला विचारा, त्याच्या बिया विषारी असतात आणि झाड रानात सर्रास असतं. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं फार देखणी असतात, मी हर्णैच्या बाजूने दोन उचलून आणली होती, आणि मग कळलं की त्यात मीठ मुरलेलं असतं, दमट दिवसात ती परत परत ओलसर होतात. शेवटी ती ओटीवर शोभेला ठेवली.

तोडलेली फांदी आणली की पहिलं काम मुंग्या. आंब्याच्या किंवा पेरूच्या फांदीवर त्या तांबड्या चावऱ्या मुंग्या, आमच्याकडे हुमले म्हणतात, लपलेल्या असतातच. फांदी अंगणात आपटा, घासणीने घासा, उकळतं पाणी ओता, आणि कडक उन्हात आठवडाभर टाका. हे काम एप्रिल-मेमध्येच करून घ्या, जुलैत फांदी वाळवायला बसलात तर वाळायच्या आधी तिच्यावर अळंबी उगवेल.

आता लावायची कशी. सगळ्यात आधी बसायची फांदी, जिथे तो सकाळी अंग शेकतो. ती वरच्या एका बाजूला, आडवी, मोकळी, पानांशिवाय. बल्ब आणि ट्यूब जाळीच्या बाहेर वर असणार, आणि तिथून खाली त्याच्या पाठीपर्यंत ८ ते १० इंच अंतर राहिलं पाहिजे. इथे सगळे चुकतात, अंतर फांदीपर्यंत मोजतात. व्हेल्डच्या डोक्यावर शिरपेचासारखा उंच तुरा असतो, तो फांदीपासून बराच वर येतो आणि तोच आधी भाजतो. म्हणून फांदी अजून थोडी खाली घ्या. मग त्या फांदीपासून मधल्या दाट भागात उतरणारी एक तिरकी, तिथून समोरच्या कोपऱ्यात जाणारी दुसरी, तळापर्यंत येणारी एक जाड खोडासारखी. डोळ्यासमोर असं आणा की त्याला तळावर पाय न टाकता पिंजऱ्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुठल्याही कोपऱ्यात जाता आलं पाहिजे. रस्ते हवेत, आडवे जास्त, उभे कमी. फांद्या आडव्या पट्ट्यांना केबल टायने घट्ट बांधा, टायची टोकं कापून बाहेरच्या बाजूला वळवा. हाताने जोर देऊन हलवून बघा, हलली तर परत बांधा, कारण हलणाऱ्या फांदीवर तो जातच नाही, जाळीवर चढून बसतो आणि मग आपण म्हणतो याला पिंजरा आवडत नाही.

काथ्याची दोरी वेलासारखी वापरू नका असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे ती स्वस्त आणि घरातलीच, पण ऑक्टोबर ते मे एवढीच. पावसाळ्यात ती काढून ठेवा.

झाडं

व्हेल्ड पानं खातो. किडे खाणारा प्राणी म्हणून आपण निश्चिंत असतो आणि एक दिवस झाडाला अर्धवर्तुळाकार चावे दिसतात. म्हणून झाड निवडताना "तो हे खाणार" असंच धरून चाला. जास्वंद सगळ्यात चांगली, पानं खाल्ली तरी हरकत नाही, फूल तर तो आवडीने खातो, फक्त तिला उजेड भरपूर लागतो. मनीप्लांट कुणीही जगवतो, पान रुंद, त्यावर थेंब छान थांबतात, हे बहुतेक सगळे कॅमेलिऑनवाले वापरतात. अंब्रेला प्लांट दाट होतो, लपायला उत्तम. स्पायडर प्लांट तळाशी. लहान अरेका पाम मागच्या बाजूला. डायफेनबेकिया आणि क्रोटन नको, दोन्ही आपल्या प्रत्येक अंगणात असतात म्हणून मुद्दाम सांगतोय, आणि धोतरा तर नकोच.

नर्सरीतून आणलेलं झाड थेट आत ठेवायचं नाही. त्याच्यावर औषध फवारलेलं असतं. पानांच्या दोन्ही बाजू धुवा, मुळाची माती घमेल्यात सोडवून टाका, त्यात पांढरे हलके दाणे किंवा खताचे गोळे दिसले तर सगळे वेचून काढा, तो ते गिळतो. साधी माती, थोडं कोकोपीट, थोडी धुतलेली नदीची वाळू यात परत लावा. समुद्राची वाळू नको, कितीही धुतली तरी मिठाचा भरवसा नाही. मग झाड तीन-चार आठवडे बाहेर सावलीत ठेवा, रोज पाणी मारा, आणि मग आत घ्या. कुंडीच्या तोंडावर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे पसरून माती झाकून टाका.

मांडणी करताना मधल्या भागात दाट, एवढं दाट की तो आत शिरला तर तुम्हाला शोधावा लागेल. वरची बसायची जागा मोकळी, तळ मोकळा. नवीन माणूस पिंजरा असा लावतो की पाहुण्यांना सरडा लगेच दिसावा. सरड्याला नेमकं ते नको असतं. ज्याला लपता येतं तो निवांत बाहेर बसतो, आमचा आबा दाट झाडं केल्यावर जास्त दिसायला लागला.

उजेड

दोन दिवे. एक यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, टी-५ एचओ प्रकारची, ५.० किंवा ६ टक्के लिहिलेली. ही नसेल तर शरीरात कॅल्शियम नीट मुरत नाही आणि हाडं वाकतात. रोज १२ तास, दिसायला चांगली असली तरी वर्षाने बदलायची, तिचा आपल्याला न दिसणारा भाग आधी संपतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन याला पर्याय नाही, काच यूव्हीबी अडवते. सकाळचं खरं ऊन मात्र सोनं आहे, आठच्या सुमाराला वीस मिनिटं कुंडीतल्या जास्वंदीवर त्याला अंगणात बसवा, अर्धी सावली ठेवून, आणि तिथून हलू नका, कावळे टपलेलेच असतात.

दुसरा दिवा शेकायचा, साधा ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब, चिनीमातीच्या होल्डरमध्ये. नराला बसायच्या जागी २९ ते ३२ अंश, मादीला दोन-तीन अंश कमी. आपल्याकडे हा बल्ब डिसेंबर-जानेवारीत सकाळी तीन-चार तास लागतो, पावसाळ्यात पिंजरा सुकवायला कामी येतो, आणि एप्रिल-मेमध्ये सरळ बंद. त्या दिवसांत खोलीच ३३-३४ वर असते. तो फिका पडून तोंड उघडं टाकून बसला तर त्याला गरम होतंय, बल्ब बंद करा, खोलीतला पंखा लावा पण झोत त्याच्यावर नको. रात्री सगळे दिवे बंद, लाल-निळे रात्रीचे बल्ब विकतात ते घेऊ नका, त्याला अंधार लागतो.

पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे थेंब झोळात गळेल, प्लगमध्ये जाणार नाही, आणि इलेक्ट्रिशियनकडून ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच बसवून घ्या.

पाणी

वाटीतलं पाणी याला पाणी वाटत नाही, पानावरचा थेंब चाटतो. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, वर पाण्याची बाटली टांगा, चक्रीने सेकंदाला साधारण एक थेंब करा आणि तो मनीप्लांटच्या पानावर पडू द्या. सकाळी अर्धा-पाऊण तास पुरे. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पानांवर आणि जाळीवर पांढरे डाग पडतात, तिथे आरओ फिल्टरचं वापरा, नुसतं गाळून उकळून मीठ जात नाही.

फवारणी मोसमावर. हिवाळ्यात पूर्वेचा कोरडा वारा सुटला की पहाटे आणि रात्री दोन-दोन मिनिटं. उन्हाळ्यात पहाटे एकदा. पावसाळ्यात फवारा जवळपास बंद, फक्त थेंब, आणि दुपारपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत, नाही झाली तर एक कुंडी बाहेर काढा म्हणजे वारा खेळेल. पाणी पुरतंय का ते त्याच्या शिटेत बघा, पांढरा भाग पांढराच असेल तर ठीक, पिवळा-केशरी झाला तर कमी पडतंय.

मुंग्या आणि लाईट

आजी दुधाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवायची, तेच करा. स्टँडच्या चार पायांखाली चार वाट्या, पाणी एक दिवसाआड बदला. भिंतीला पिंजरा टेकलेला नको, वायर भिंतीवरून येते तिथे मुंग्यांचा पूल होतो, तिथे थोडं व्हॅसलीन. मुंग्यांचा खडू किंवा स्प्रे जवळपाससुद्धा मारू नका.

लाईट जाणं हा आपला सण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आबा नव्हता, पण आमच्याकडे पुढे कितीतरी दिवस अंधार होता, त्यामुळे पिंजरा करतानाच पंपावर चालणारं काहीही घेतलं नाही. सलाईनचा सेट विजेवर चालत नाही, हाताचा फवारा विजेवर चालत नाही. यूव्हीबी चार-पाच दिवस नसेल तर मोठ्या जनावराचं बिघडत नाही.

आत सोडायच्या आधी

रिकामा पिंजरा दोन आठवडे चालवा. एक थर्मामीटर बसायच्या फांदीवर, एक तळाशी, आर्द्रतेचा मीटर मधोमध, सकाळ-दुपार-रात्र वहीत लिहून ठेवा. कुठे पाणी साचतंय, कुठलं झाड मान टाकतंय, बल्बखाली हात किती वेळ ठेवता येतो, हे सगळं तेव्हाच कळतं.

मादी असेल तर तळाशी एक खोल टब, फूटभर ओलसर धुतलेली नदीची वाळू भरून, कारण नर कधी भेटला नाही तरी ती अंडी घालते आणि खणायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकून जीव जातो.

सोडताना त्याला हाताने उचलून फांदीवर चिकटवू नका. आणलेला डबा आत ठेवा, झाकण उघडा, एक फांदी डब्यात टेकवा, दरवाजा लावा आणि समोरच्या बाजूला जुनी साडी टाकून निघून जा. आबा पहिले तीन दिवस मनीप्लांटच्या मागे होता, चौथ्या दिवशी आई साडीच्या फटीतून बघायला गेली तर तो बसायच्या फांदीवर एक डोळा तिच्याकडे आणि एक रातकिड्याकडे लावून बसलेला.